डाव्या वळणावरची गाठ

मे महिन्यात रत्नागिरीत कुणाला काहीही झालं तरी ते आंब्यामुळेच होतं. गळू आलं, आंबा. तोंड आलं, आंबा. नाकातून रक्त आलं, आंबाच. त्यामुळे संडासात पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा मीही तेच म्हटलं आणि हात धुऊन रस काढायला बसले. आमची बाग काही मोठी नाही, पण पेट्या भरून गेल्यावर मागे उरतो तो डागी आंबा घरातच संपवावा लागतो, आणि संपवायला आम्ही दोघंच. मी आणि हे. मुलगी पुण्याला नोकरी करते, ती फोनवरून आंबे खाते.

थोरल्या जाऊबाई लांज्याला असतात. त्यांना कळल्यावर त्यांनी एसटीने सब्जा, नाचणीचं पीठ आणि कोकमाचं आगळ पाठवून दिलं. आगळ म्हणजे मीठ घालून मुरवलेला कोकमाचा रस. तो पाण्यात घालून दिवसातून दोनदा प्यायचा.

"अगो, उष्णता आहे ती. दुसरं काही नाही," त्या फोनवर म्हणाल्या. "आंबा बंद कर आणि कोकम घे. आठवड्यात थांबलं नाही तर मला विचार."

आंबे संपले, कोकम चालूच राहिलं, आणि रक्तही अधूनमधून चालूच राहिलं. त्यात मला थकवा येऊ लागला. विहिरीपासून पडवीपर्यंत कळशी आणली की मी पायरीवर बसून राही. हे बागेतून येताना बघत आणि काही न बोलता दुसरी कळशी स्वतः भरून आणत. हे मुळातच कमी बोलणारे. कलमांशी काय बोलत असतील तेवढंच.

इथे सांगायला हवं की त्याच्या आठ वर्षं आधी माझी डावी किडनी काढली होती. कॅन्सर होता. कोल्हापूरला ऑपरेशन झालं, मग काही वर्षं तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता वर्षातून एकदा सोनोग्राफी करा आणि बाकी सगळं विसरून जा. यातली दुसरी सूचना मी तंतोतंत पाळली. किडनी कुठे आणि हे रक्त कुठे, दोघांचा काही संबंध असेल असं मला वाटलं नाही. गावातल्या डॉक्टरांनाही वाटलं नाही. ते म्हणाले मूळव्याध असेल, एकदा दुर्बिणीने खालचा भाग बघून घेऊ.

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घ्यायचं होतं. दवाखान्यातल्या बाईंनी समजावून सांगितलं. जेवण नाही, दूध नाही, फक्त गाळलेलं पातळ घ्या, आणि रंगीत काही नको. मी मान डोलावली. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई मी. सूचना नीट न ऐकणाऱ्या मुलांना मी किती वेळा बाकावर उभं केलं असेल. रंगीत म्हणजे बाटलीतलं नारिंगी सरबत, असं मी धरून चालले. आमच्याकडे कोकम रंगात धरत नाहीत, पाण्यात धरतात. तेव्हा जाऊबाईंचं ते आगळ पाण्यात घालून, स्वच्छ फडक्यातून दोनदा गाळून, मी दिवसभर तांब्या-तांब्याने प्यायले. पोट रिकामं, तोंडाला चव, आणि उष्णतेवरही उपाय. मला तर माझं कौतुकच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कुशीवर झोपवलं आणि गुंगीचं इंजेक्शन दिलं. अर्धवट झोपेत डॉक्टरांचा आवाज कानावर येत होता. हे डॉक्टर देशावरचे, सोलापूरकडचे. "अरे, हे वरून येतंय की," ते कुणाला तरी म्हणाले. "केवढं रक्त आहे. चला, वर जाऊन बघू." मग मला झोप लागली.

जाग आली तेव्हा डॉक्टर यांच्याशी बोलत होते. मोठं आतडं डाव्या बरगडीखाली वळतं. त्या वळणावर एक गाठ होती, पेरूएवढी. खूप रक्तस्राव दिसला, लाल पाणीच पाणी होतं, असं ते सांगत होते. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते कोकम नसेल ना?"

"काय?"

"काल दिवसभर कोकम पीत होती ती."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी झोपेचं सोंग घेतलं. थोड्या वेळाने ते हसले, पण ते हसू काही पुढे गेलं नाही. ते म्हणाले, खरं सांगतो, मी फक्त खालचाच भाग बघणार होतो. मूळव्याध आहेच थोडी, ती बघून औषध देऊन घरी पाठवलं असतं. लाल पाणी वरून आलं म्हणून वर गेलो.

ही हकीकत दोन दिवसांत लांज्यापासून संगमेश्वरपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळली. कोकमाने वाचवलं, असं जो तो म्हणू लागला. जाऊबाईंचा तर ऊर भरून आला, कारण आगळ त्यांचं होतं. मी कुणाला काही बोलले नाही, पण मनातून चिडले होते. सापडणं आणि वाचणं यात फरक असतो. गाठीचा तुकडा तपासायला गेला होता आणि त्याचं उत्तर अजून यायचं होतं.

ते आलं तेव्हा आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. ते म्हणाले, हा आतड्याचा कॅन्सर नाही. हा किडनीचाच आहे. किडनी काढली होती त्याच बाजूला, आतड्याच्या वळणावर येऊन बसलाय. असं क्वचित होतं, पण होतं, आणि इतक्या वर्षांनीसुद्धा होतं. मी मनात म्हटलं, घर पाडलं तरी भाडेकरू गाव सोडून गेला नाही, शेजारी बिऱ्हाड करून राहिला. हा विचार मी अगदी शांतपणे केला. डॉक्टरांच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्याचं पान उलटायचं राहून गेलं होतं. ते पुढे काय सांगत होते ते यांनी ऐकलं. मी उठून ते पान उलटावं की नाही याचा विचार करत होते.

तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की ओठ आपलाच असून आपला नसतो, तसं. मुलगी फोनवर रडली. मी तिला म्हटलं, रडू नकोस, जेवलीस का. ती आणखी रडली. शेजारच्या बाई येऊन माझा हात धरून बसल्या. त्यांच्या हाताला माशांचा वास येत होता आणि मला वाटलं, आज यांच्याकडे बांगडा दिसतोय. मला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

कोल्हापूरला जाऊन सगळ्या अंगाचा स्कॅन करून आलो. दुसरीकडे कुठे काही नव्हतं. ही बातमी चांगली होती, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. कॅन्सरची ऑपरेशनं करणारे सर्जन ठरावीक दिवशी रत्नागिरीत येतात, ते म्हणाले की एकाच जागी आहे तोवर कापून काढणं उत्तम. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं. गाठीच्या अलीकडून आणि पलीकडून आतडं कापायचं, गाठ आणि भोवतालचं सगळं एकत्र काढायचं, आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडायची.

"जोड धरला तर काही प्रश्न नाही," ते म्हणाले. "नाही धरला, तर पुन्हा उघडावं लागेल. मग पोटावर पिशवी लावावी लागेल. आणि तुम्हाला किडनी एकच आहे, दुसऱ्यांदा भूल, पोटात संसर्ग, हे तिला झेपेल असं मी सांगू शकत नाही."

सगळं त्या एका जोडावर होतं. मी "बरं" म्हटलं. यांनी तो चित्राचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

तारखेचा प्रश्नच आला नाही, कारण गणपती जवळ आले होते. गणपती तोंडावर असताना रत्नागिरीत कुणी कुठल्याच गोष्टीची तारीख ठरवत नाही. सर्जन म्हणाले, इतक्या दिवसांनी फरक पडणार नाही, आणि त्या दिवसांत निम्म्या नर्सही आपापल्या गावी असतात. तेव्हा गौरी-गणपती झाल्यावर, असं ठरलं.

आमचा गणपती लांज्याला, थोरल्या दिरांच्या घरी बसतो. मुंबईहून माणसं आली, अंगण भरलं. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी उच्चार करत नव्हतं. "ते", "तुझं पोटाचं", "हिचं जरा" असं चाललं होतं. मोदकांना हात लावू नकोस असं मला तीन जणींनी सांगितलं, आणि मी न ऐकता उकड मळायला बसले. माझ्या कळ्या नेहमीसारख्याच आल्या, एकही फाटली नाही. पूर्वी मोदक नीट झाले की मला आनंद व्हायचा, एवढं आठवत होतं.

विसर्जनाच्या आधी थोरल्या दिरांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं देवासमोर मोठ्याने, सगळ्यांच्या साक्षीने घालतात. ते एकेक मागणं मागतात आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी हाळी द्यायची. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण झालं. मग ते जरा थांबले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बा गणराया, आमच्या धाकटीच्या आतड्यात कॅन्सर झालाय. त्याचं ऑपरेशन आहे. ता मुळासकट निघून जाऊं दे, जोड नीट बसूं दे, नि पुढल्या वर्षी ती तुझ्या मोदकांना हजर असूं दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे ओरडले. त्यात माझाही आवाज होता. लहानपणापासूनच्या सवयीने मी खणखणीत ओरडले होते, जणू दुसऱ्याच कुणाच्या धाकटीबद्दल मागणं चाललं होतं. शेजारी उभ्या जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हे मागे खांबाला टेकून उभे होते. यांचा आवाज मात्र आला नाही. मला वाटलं, लक्ष नसेल.

ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, कारण मी तिथे नव्हते. भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, लांब श्वास घ्या. मी घेतला, आणि दुसरा श्वास घेतला तोवर संध्याकाळ झाली होती. नाकात नळी, हातात नळी, पोटाच्या बाजूला एक आणि खाली एक. बरगडीखालच्या जुन्या व्रणाच्या शेजारी आता बेंबीला वळसा घालून खाली गेलेली नवी शिवण होती. सर्जन येऊन म्हणाले, दिसत होतं तेवढं सगळं निघालं, दोन्ही टोकं जोडली आहेत. आता वाट बघायची.

कशाची, ते मला नर्सने सांगितलं. आतडं पुन्हा चालू झालं की आधी वारा सरतो. वारा सरला म्हणजे रस्ता मोकळा, जोड धरला. तोवर तोंडाने पाणीसुद्धा नाही.

आमच्या माहेरी आणि सासरी हा विषय कुणी काढत नाही. मुलांच्या वर्गात असं काही झालं की मी खिडकी उघडायला सांगे आणि फळ्याकडे तोंड करून उभी राही. आणि आता सकाळी नर्स दारातूनच मोठ्याने विचारायची, "काकू, वारा सरला का?" मग सर्जनचे मदतनीस विचारायचे. मग मुलगी, जी रजा काढून आली होती आणि इंग्रजीत विचारायची म्हणजे जरा सभ्य वाटतं. दुपारी लांज्याहून जाऊबाईंचा फोन. "अगो, सरला का?" त्यांच्या मागून दिरांचा आवाज, "काय म्हणते?" संगमेश्वरच्या मावसबहिणीने तर हनुमानाला नारळ बोलला होता. माझ्या वाऱ्याकडे अख्खा जिल्हा कान लावून बसला होता.

वारा सरत नव्हता. पोट फुगत चाललं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते इतकं टणक झालं की बोटाने वाजवलं तर आवाज यावा. थोडा तापही आला. सर्जननी पोट दाबून पाहिलं, नळीतून येणारं पाणी पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं. मग यांना बाजूला नेलं, पण आवाज मला ऐकू येत होता. उद्या सकाळपर्यंत बघू, ते म्हणाले. नाहीतर उघडावं लागेल.

हे परत येऊन स्टुलावर बसले. मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. मला यांची दया येत होती, असं म्हणायला हवं, पण खरं म्हणजे तीही येत नव्हती. मी म्हटलं, "उघडायचं तर उघडू देत. पिशवी तर पिशवी. आणि नाहीच झेपलं तर नाही. काय फरक पडतो?"

हे ताडकन उठले. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. वानरांनी बागेचा निम्मा मोहोर खाल्ला तेव्हाही हे नुसते बघत उभे होते.

"तुला नसेल पडत," हे म्हणाले. "मला पडतो." आवाज एवढा होता की पलीकडच्या खाटेवरच्या बाईने पडदा बाजूला केला. "ऊठ. चालायला सांगितलंय ना त्यांनी? ऊठ आधी."

मी उठले. उठवत नव्हतं, पण यांचा चेहरा बघून नाही म्हणवेना. यांनी एका हातात सलाईनचा खांब धरला, दुसऱ्या हातात पोटाच्या नळीची पिशवी, आणि मी पोटाला उशी दाबून यांच्या मागे निघाले. एरवी बाजारातसुद्धा हे चार पावलं पुढे असतात. पण आज मागे वळून बघत चालत होते. व्हरांड्याच्या टोकाला खिडकी होती, तिथवर जायचं आणि परत यायचं. वाटेत बाकांवर भेटायला आलेली माणसं बसली होती, डबे सोडत होती. कुणाच्या तरी डब्यातून कुळथाच्या पिठल्याचा वास आला आणि माझ्या पोटात काहीतरी हललं.

"पुन्हा एकदा," हे खिडकीपाशी म्हणाले. आम्ही पुन्हा निघालो. घाम सुटला होता, आणि मला नुसतं बसायचं होतं. बाकांच्या अगदी समोर पोटात डावीकडून एक कळ आली, अशी की मी खांब घट्ट धरला. ती कळ खाली खाली सरकली, आणि मग जो काही आवाज झाला तो लपवण्यासारखा नव्हता. डबा सोडणाऱ्या बाईंचा हात थांबला. एका मुलीने तोंडावर रुमाल धरला.

हे वळले. "काय गो?"

"झालं," मी म्हटलं.

"नक्की?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही, कारण दुसरा आला. पोट एकदम सैल पडलं. हे माझ्याकडे बघत राहिले, मग खांब भिंतीला नीट टेकवून ठेवला आणि त्या लोकांच्या बाकावर, डब्यांच्या मधोमध, खाली बसले. नळीची पिशवी मांडीवर तशीच धरलेली. आणि हे रडायला लागले. पुरुष डोळे पुसतात तसं नव्हे, मोठ्याने. खांदे हलत होते. पिठल्यावाल्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली यांच्यासमोर धरली.

मी उभीच होते. मला आधी वाटलं, अहो, लोक बघतायत. मग माझे हात एकदम गार पडले. छातीत धडधडायला लागलं, असं की नर्सला हाक मारावी की काय असं वाटलं. मला वाटलं जोड सुटला. मग कळलं, तसं काही नव्हतं. सगळं एकदम दिसलं. दुखणं कापून काढलं, पण ते पुन्हा कुठे येऊन बसेल, कुणाला माहीत. आठ वर्षांनी आलं तसं उद्याही येईल. आणि मला घरी जायचं होतं. मला जगायचं होतं. मी यांच्या शेजारी, पोटावरची उशी सांभाळत, कशीबशी टेकले.

"अहो," मी म्हटलं, "मला भीती वाटते हो. फार भीती वाटते."

यांनी बाहीने तोंड पुसलं.

"बरं झालं," हे म्हणाले. "आठ वर्षं मी एकटाच घाबरत होतो."